पोर कुणाचं?

दोस्तहो, एक बोलणं हल्ली चारी बाजूंनी कानावर येतं. सरकारनं शाळेत लुडबुड करू नये. ज्यानं स्वतःच्या पैशानं शाळा काढली तो बघेल ती कशी चालवायची. कुणाला घ्यायचं, किती फी लावायची, काय शिकवायचं, हे त्याचं त्यानं ठरवावं. आणि ज्याला कुठल्याच शाळेत पोर घालायचं नाही त्यानं ते खुशाल घरी शिकवावं. पोर माझं, पैसा माझा, मधे सरकार कोण?

असं बोलणारे सगळेच काही बदमाश नाहीत. पुण्यामुंबईत पोराला शाळेतून काढून घरी शिकवणारे आईबाप आहेत. त्यातले कितीतरी शाळेतल्या मारझोडीला, घोकंपट्टीला, मार्कांच्या शर्यतीला वैतागलेले आहेत. आपल्या कायद्यात घरच्या शिक्षणाला सरळ परवानगी नाही, आणि अशा आईबापाला धरून आत टाका असंही कुठं लिहिलेलं नाही. ही पोरं पुढं मुक्त विद्यालयाच्या परीक्षेला बसतात आणि कॉलेजात जातात.

म्हणून 'हा भांडवलदारांचा डाव' एवढी चिठ्ठी डकवून आपल्याला मोकळं होता येणार नाही. भाषा स्वातंत्र्याची आहे, आणि स्वातंत्र्य हा शब्द आपल्यालाही हवाय. मी सूतगिरणीत रिंग फ्रेमवर काम करतो. तार तुटली की नेमकी कुठं तुटली ते बघायचं आणि तिथंच सांधायची, हे हाताला ठाऊक झालंय. ह्या बोलण्यातली तार कुठं तुटते ते बघू.

१

पहिली गोष्ट. घरी शिकवणं ही ह्या देशात नवी टूम नाही. जात म्हणजे दुसरं काय आहे? हजारो वर्षं चाललेली घरची शाळाच की! चांभाराच्या पोरानं बापाच्या शेजारी बसून रापी धरायला शिकायचं. महाराच्या पोरानं मेलेलं ढोर ओढायला आणि मर्तिकाचा सांगावा पोचवायला शिकायचं. भटाच्या पोरानं बापाच्या मांडीवर मंत्र शिकायचे. फी नाही, हजेरीपट नाही, तपासायला साहेब नाही. राजे आले, राजे गेले, ह्या शाळेचा अभ्यासक्रम बदलला नाही. परीक्षा घ्यायची गरजच नव्हती. पोर जन्मायच्या आधीच निकाल लागलेला.

आणि गुरुकुल तरी काय होतं? खाजगी शाळा. गुरूची मर्जी हाच प्रवेशाचा नियम. एकलव्याची गोष्ट आपण हजारदा सांगितली, पण तिच्यातली एक बाजू सांगायची राहते. गुरूनं दार लावलं तेव्हा एकलव्य गप्प बसला नाही, रानात एकट्यानं शिकला. म्हणजे आजच्या भाषेत शाळेबाहेरचा विद्यार्थी. शिकताना त्याला कुणीही अडवलं नाही. अडवलं ते शिकून झाल्यावर. तू शिकलास हे मान्य करायचं की नाही, हे ठरवायचा अधिकार ज्यानं त्याला नाकारलं त्याच्याच हातात राहिला. अंगठा तिथं गेला. एकट्यानं शिकायची मोकळीक म्हणजे न्याय नव्हे, एवढं तरी त्या अंगठ्यावरून कळावं.

'पोर माझं' हे वाक्य आपल्या वस्तीत म्हणून वेगळं ऐकू येतं. बंगल्यातला बाप म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ असतो, माझ्या पोराला मी सरकारपेक्षा चांगलं देईन. वीटभट्टीवरच्या बापाच्या तोंडी तेच वाक्य आलं तर त्याचा अर्थ होतो, माझ्या पोराला माझ्याच भट्टीवर राहू दे. वाक्य एकच. कायद्यात ते एकदाच लिहिलं जाणार, आणि त्याचा भोग मात्र दोन पोरं दोन तऱ्हेनं भोगणार.

हे कल्पनेतलं नाही. २०१६ साली बालकामगारांच्या कायद्यात दुरुस्ती झाली. चौदा वर्षांखालच्या पोराला कामावर ठेवायची बंदी कडक केली, आणि त्याच दमात एक फट ठेवली. शाळा सुटल्यावर, सुट्टीत, पोरानं घरच्या धंद्यात मदत केली तर चालेल. घरचा धंदा! ह्या देशात घरचा धंदा म्हणजे काय हे कायदा करणाऱ्याला कळत नव्हतं का? बापाचं काम पोराच्या हातात देण्याची जुनी शाळा अशी सायंकाळच्या वर्गात पुन्हा भरते.

२

आता कुणी म्हणेल, मग सरकारच आपलं मायबाप. थांबा. इतिहास तसाही सांगत नाही.

१८४८ साली जोतिबांनी पुण्यात मुलींची शाळा काढली, पुढं महारमांगांच्या पोरांसाठी शाळा काढल्या. त्या खाजगी शाळा होत्या. सावित्रीबाई शेणाचे गोळे झेलत गेल्या त्या सरकारी हुकमानं नाही. त्याच शाळेतल्या मुक्ता साळवे ह्या मांगाच्या मुलीनं १८५५ साली महारमांगांच्या दुःखावर निबंध लिहिला आणि तो 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. सरकारी अभ्यासक्रमात असला निबंध कुठल्या मास्तरनं लिहून घेतला असता?

आणि त्याच वेळी सरकार काय करत होतं? १८५६ साली धारवाडच्या एका महार मुलानं सरकारी शाळेत प्रवेश मागितला. मुंबई सरकारनं प्रवेश दिला नाही. एका पोरासाठी बाकी सगळ्यांना शाळा निरुपयोगी करणं बरं नव्हे, असा हिशेब मांडला. बाबासाहेबांनी १९०० साली साताऱ्याच्या ज्या शाळेत नाव घातलं तीही सरकारीच. पोर घरून गोणपाट नेऊन त्यावर बसायचं आणि शिपाई नसेल त्या दिवशी तहानलेलं राहायचं. पुढं मुंबईत सरकारी हायस्कुलातही संस्कृत नाकारलं, फारसी घ्यावी लागली. सरकारची पाटी लावली म्हणून शाळा माणसांची होत नाही.

इतकं असूनही जोतिबांनी काय मागितलं बघा. १८८२ साली हंटर कमिशनपुढं त्यांनी निवेदन दिलं. स्वतः खाजगी शाळा चालवलेला माणूस. त्यानं म्हणायला हवं होतं की सरकारनं बाजूला व्हावं, आम्ही बघतो. त्यांनी उलट सांगितलं. प्राथमिक शिक्षण निदान बारा वर्षांपर्यंत सक्तीचं करा. सरकारनं शाळा-कॉलेजांतून अंग काढून घेऊ नये. घेतलं तर शिक्षणाचा प्रसार अडेलच, शिवाय वेगवेगळ्या धर्माजातींच्या लोकांना सारखं वागवायचं जे धोरण आहे तेही धोक्यात येईल.

का म्हणाले असतील? त्यांनी स्वतःच्या अंगावर अनुभव घेतला होता. जिथं जोतिबा आहे तिथं शाळा चालेल. ज्या गावात जोतिबा नाही, तिथल्या पोरानं काय करायचं? भल्या माणसाची वाट बघत बसायचं? भलेपणावर हक्क सांगता येत नाही. कायद्यावर सांगता येतो.

शाहू महाराजांनी १९१७ साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. पोर शाळेत घातलं नाही तर बापाला महिन्याला एक रुपया दंड. त्या काळच्या मजुराला रुपया म्हणजे काय ते जुन्या माणसांना विचारा. आजचे स्वातंत्र्यवाले ह्याला जुलूम म्हणतील. बापाच्या स्वातंत्र्यावर घाला होताच तो. पण बापाच्या स्वातंत्र्याला एक रुपयाचा धक्का देऊन पोराचं अख्खं आयुष्य मोकळं करायचा तो सौदा होता. आणि महाराज तिथंच थांबले नाहीत. १९१९ साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून पोरांना सगळ्यांच्या शाळेत घातलं. सक्ती पोराच्या बापावर केली तशी शाळेवरही केली. ह्या दोन सक्त्या जोडीनं चालतात. एकटी पहिली केली तर गरिबाला नुसता दंड होतो.

आणखी एक. रामजी सुभेदारांनी भीवाला घरी शिकवलं, पहाटे उठवून अभ्यासाला बसवलं. घरच्या शिक्षणाचं ह्याहून मोठं उदाहरण कुठलं? पण रामजी शिकले कुठं? पलटणीत. कंपनीच्या फौजेत शिपायांच्या पोरापोरींना शिक्षण सक्तीचं होतं, रामजी स्वतः लष्करी शाळेत हेडमास्तर होते. म्हणजे त्या घरात पुस्तक शिरलं ते आधी एका सक्तीच्या दारातून. घर तेच शिकवू शकतं जे घरात आलंय. ज्या घरात पिढ्यानपिढ्या काही येऊच दिलं नाही, त्या घराला 'तू शिकव, तू स्वतंत्र आहेस' म्हणणं ही थट्टा आहे.

मलाही कुणी विचारतं, तू स्वतःच शिकलास ना, कविता लिहितोस ना, मग शाळेच्या सक्तीची वकिली कशाला? मी आठवी झाल्यावर शाळा सोडली. शिक्षणहक्काचा कायदा सहा ते चौदा वर्षांचा आहे. चौदाव्या वर्षी तो हात सोडतो आणि मी नेमका तिथंच सुटलो. पुढचं विहारातल्या कपाटानं शिकवलं. पण कपाटातली पुस्तकं वाचायला जी अक्षरं लागतात ती जिल्हा परिषदेच्या गुरुजींनी दिलेली. शून्यातून कुणी शिकत नाही.

३

आता जरा लांब जाऊ. आपल्या पँथरनं १९७२ साली ज्यांच्यावरून नाव घेतलं त्या माणसांच्या देशात.

अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यात प्रिन्स एडवर्ड नावाची काउंटी आहे. तिथं १९५१ साली काळ्या पोरांनी शाळेत संप केला. पुढाकार बार्बरा जॉन्स ह्या सोळा वर्षांच्या पोरीचा. शाळेत जागा नव्हती म्हणून डांबरी कागदाच्या झोपड्यांत वर्ग भरत होते. तो खटला पुढं ब्राउन खटल्यात गेला आणि १९५४ साली तिथल्या सुप्रीम कोर्टानं सांगितलं, वेगळ्या शाळा चालणार नाहीत. गोऱ्यांनी काय केलं? १९५९ साली काउंटीनं आपल्या सगळ्या सरकारी शाळाच बंद करून टाकल्या. सगळ्या! गोऱ्या पोरांसाठी खाजगी अकादमी उभी राहिली. तिला सुरुवातीला फीचं सरकारी अनुदान आणि करातली सवलत मिळाली. काळी पोरं पाच वर्षं सरकारी शाळेविना राहिली. १९६४ साली पुन्हा सुप्रीम कोर्टाला हुकूम द्यावा लागला तेव्हा दारं उघडली.

त्या गोऱ्यांनी तोंडातून 'आम्ही काळ्यांचा द्वेष करतो' एवढंच म्हटलं असतं तर ओळखणं सोपं होतं. ते म्हणत होते, आईबापाला शाळा निवडायचं स्वातंत्र्य पाहिजे. शब्द तेच. म्हणून स्वातंत्र्य शब्द ऐकला की आधी विचारायचं, ह्यातून बाहेर कोण राहिलं?

पण त्याच देशातली दुसरी गोष्ट लपवली तर ती बेइमानी होईल. २०२० साली, साथीच्या वर्षात, तिथल्या जनगणना खात्यानं पाहणी केली. शाळकरी पोरं असलेल्या काळ्या घरांत घरी शिकवणाऱ्यांचं प्रमाण वसंतात ३.३ टक्के होतं ते शरदात १६.१ टक्क्यांवर गेलं. कारण एकटी साथ नव्हती. कितीतरी काळ्या आयांनी सांगितलं की शाळेत पोराला सारखी शिक्षा होते, त्याला कमी लेखलं जातं, आमचा इतिहास शिकवला जात नाही. म्हणजे ज्या दारातून गोरे पळाले अपमान करायला, त्याच दारातून काळी आई बाहेर पडली अपमान टाळायला.

आता सांगा, हे दार बंद करायचं की उघडं ठेवायचं? इथं घोषणा उपयोगी पडत नाही.

४

आपल्या घरात येऊ. घटनेच्या ४५व्या कलमानं १९५० साली सांगितलं होतं की दहा वर्षांत चौदा वर्षांपर्यंतच्या सगळ्या पोरांना मोफत आणि सक्तीचं शिक्षण द्यायचा सरकारनं प्रयत्न करावा. १९६० गेलं. २००२ साली घटनादुरुस्ती होऊन तो मूलभूत हक्क झाला. २००९ साली कायदा आला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. दहा वर्षांचं काम करायला साठ वर्षं लागली.

ह्या कायद्यात एक पोटकलम आहे. विनाअनुदानित खाजगी शाळेनंही पहिल्या वर्गात निदान २५ टक्के पोरं वंचित आणि दुर्बळ घटकांतली घ्यायची, त्यांची फी सरकारनं भरायची. संस्थाचालक कोर्टात गेले. धंदा करायच्या आमच्या मूलभूत हक्कावर घाला आहे म्हणाले. २०१२ साली सुप्रीम कोर्टानं दोन विरुद्ध एक मतानं कायदा टिकवला. २०१४ साली पाच न्यायमूर्तींनी तो पुन्हा टिकवला, फक्त अल्पसंख्याकांच्या शाळांना त्यातून वगळलं.

मग महाराष्ट्र सरकारनंच मागच्या दारानं काम केलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये नियम बदलला. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर तिथल्या खाजगी शाळेला २५ टक्क्यांतून सूट. शहरात किलोमीटरभरात सरकारी शाळा नाही अशी जागा किती सापडणार? मुंबई हायकोर्टानं मे महिन्यात स्थगिती दिली, जुलैत नियम रद्द केला, ऑगस्टमध्ये सुप्रीम कोर्टानंही त्यात हात घातला नाही. म्हणजे खाजगी शाळेवरचा ताबा कमी करा म्हणून नुसते संस्थाचालक ओरडतात असं नाही. कधीकधी सरकारलाच तो ताबा नको असतो. जबाबदारी टळते ना!

संस्थाचालकांची एक तक्रार मात्र खरी आहे. सरकार ह्या पोरांच्या फीचे पैसे वेळेवर देत नाही. वर्षंवर्षं थकवतं. दुसऱ्याच्या खिशातून न्याय करायचा आणि आपला खिसा शिवून ठेवायचा, ह्याला काय म्हणायचं? पण त्याची सजा शाळा कुणाला देते?

माझा भाचा अशा एका इंग्रजी शाळेत सोडतीतून लागला. शाळेचं नाव महत्त्वाचं नाही, अशा खूप आहेत. पहिल्या वर्षी गॅदरिंग आलं. ड्रेसचे बाराशे रुपये. ताईला ते जमले नाहीत. ज्यांनी पैसे भरले नव्हते ती पोरं वर्गात बसवून ठेवली आणि बाकीची नाचाच्या तालमीला गेली. बाई रोज म्हणायच्या, आरटीईवाले उभे राहा. एका रात्री मी पाळी करून आलो तर पोर जागंच. मला म्हणालं, "मामा, आरटीई ही आपली जात हाय का?"

काय सांगणार? सहा वर्षांच्या पोरानं कायद्याचं जे भाष्य केलं ते कुठल्या वकिलाला जमलं नाही. ताई म्हणाली, "काढतेच मी ह्याला हितनं. घरी बसू दे, पण अशी मान खाली नको." ती काळी आई आणि माझी ताई, दोघींचं बोलणं एकच.

५

मग ताबा कुणाचा असावा? मला वाटतं, आपण ताबा हा एकच शब्द दोन वेगळ्या गोष्टींना लावतो म्हणून गोंधळ होतो.

एक ताबा दारावरचा. आत कोण येणार, कुठल्या अटीवर, आत आल्यावर त्याला कुणी मारणार नाही, वेगळं बसवणार नाही, त्याच्याकडून लपवून देणगी उकळणार नाही, छप्पर पडणार नाही, शिकवणारा शिकलेला असेल. हा ताबा सरकारकडं पाहिजे, घट्ट पाहिजे, आणि खाजगी असो की सरकारी, सगळ्यांवर सारखा पाहिजे. शाळा ही कुणाच्या परसातली विहीर नाही. आणि समजा विहीर आहे, तर विहिरीवरच्या खाजगी हक्काचं काय करायचं ते आपल्याला कुणी शिकवायला नको. महाडला १९२७ साली आपण ते शिकलो. चवदार तळ्याच्या खटल्यातही पलीकडची मंडळी हेच म्हणत होती, तळं सार्वजनिक नाही, खाजगी आहे!

दुसरा ताबा जिभेवरचा. काय विचार करायचा, कुठला प्रश्न विचारायचा, कुठलं पुस्तक वाचायचं. इथं मी सरकारला फार लांब ठेवीन. मे २०२४ आठवा. राज्याच्या अभ्यासक्रम आराखड्याचा मसुदा बाहेर आला आणि त्यात मूल्यशिक्षणाच्या प्रकरणात मनुस्मृतीतला श्लोक! ज्या पुस्तकाची होळी १९२७ साली महाडला झाली ते सरकारी मसुद्यात मूल्यं सांगायला आलं. ओरड झाली, आंदोलनं झाली. पण मुद्दा लक्षात घ्या. जो सरकारी हात आज जोतिबांचा धडा घालू शकतो तोच उद्या तो काढू शकतो. आपण ज्या लेखणीला सर्व अधिकार देतो ती नेहमी आपल्या हातात नसते.

बाबासाहेबांना हे कळत नव्हतं असं समजू नका. मंत्रिपदाच्या दर्जाच्या जागेवर, व्हाइसरॉयच्या कौन्सिलात असतानाच १९४५ साली त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली. १९४६ला सिद्धार्थ कॉलेज, १९५०ला औरंगाबादचं कॉलेज. सरकारात बसलेल्या माणसानं सरकारबाहेर संस्था का उभी केली? कारण हक्क देणारं सरकार वेगळं आणि विचार घडवणारी जागा वेगळी, हे ते जाणून होते. आपल्याला आपली अशी जागा पाहिजे जिथं कुठल्या मंत्र्याची परवानगी न घेता पोर मुक्ता साळवेसारखा निबंध लिहील.

म्हणून सरकारचा ताबा मर्यादित करा ही मागणी आपलीसुद्धा आहे. फरक एवढाच की ते म्हणतात दारावरचा हात काढा आणि आपण म्हणतो जिभेवरचा काढा. आपल्याकडं घडतं उलटं. १९८३ साली विनाअनुदानित कॉलेजांना परवानगी मिळाली तेव्हापासून दार शिक्षणसम्राटांच्या हातात गेलं. १९८७ला देणगीबंदीचा कायदा झाला तरी देणगी काही मेली नाही, नाव बदलून जगली. दारावर सरकार ढिलं आणि पुस्तकावर मात्र कडक.

जिभेच्या मोकळिकीलाही एक काठ आहे. कुठल्याही शाळेनं, कुठल्याही घरानं पोराला हे शिकवू नये की अमुक माणूस जन्मानं हलका आहे. ते मत म्हणून सोडून देता येणार नाही. कारण त्यानं दुसऱ्या पोराचं दार बंद होतं. म्हणजे ती पुन्हा दाराचीच बाब झाली.

६

राहिलं घर. पोर कुणाचं?

अमेरिकेत १९७२ साली अमिश पंथाच्या आईबापांनी आठवीपुढं पोरांना शाळेत घालायला धर्माच्या नावानं नकार दिला आणि सुप्रीम कोर्टात जिंकले. त्या निकालात एका न्यायमूर्तीनं, डग्लस त्यांचं नाव, वेगळं मत नोंदवलं. ते म्हणाले, आईबापाचं ऐकलं, सरकारचं ऐकलं, पण पोराला कुणी विचारलं का? त्याला पियानो वाजवायचा असेल, अंतराळात जायचं असेल, तर?

माझ्या मते सगळा प्रश्न इथं येऊन थांबतो. पोर बापाचं नाही आणि सरकारचंही नाही. बाप राखणदार आहे. राखणदाराला पीक राखायचा अधिकार असतो, विकायचा नसतो. सरकार दुसरं राखणदार. एकटा बाप राखणदार असला तर जात टिकते. एकटं सरकार असलं तर हुकूमशाही येते. दोघांनी एकमेकांवर नजर ठेवली तर मधल्या जागेत पोर मोठं होतं. बुद्धानं सांगितलंच आहे की कुणी सांगितलं म्हणून मानू नका, तपासून घ्या. पण तपासायला दोन वेगळे आवाज कानावर यावे लागतात. ज्या पोराच्या कानावर जन्मापासून एकाच घराचा आवाज पडला, ते कशाशी ताडून बघणार?

म्हणून कुणी पोराला घरी शिकवत असेल तर मी त्याला गुन्हेगार म्हणणार नाही. माझ्या अटी तीन. पोराची नोंद झाली पाहिजे, म्हणजे घरी शिकवतो म्हणून सांगून त्याला कुणी भट्टीवर उभं करणार नाही. वर्षातून एकदा घराबाहेरच्या माणसानं त्याची प्रगती बघितली पाहिजे. आणि पोराला एकट्याला विचारलं पाहिजे, तुला शाळेत जायचंय का? हो म्हणालं तर बापाचं स्वातंत्र्य तिथं संपलं.

आणि ताईसारखी आई पोराला काढायला निघाली तर सक्तीचा दंडुका तिच्या पाठीत घालायचा नाही. सक्तीचं तोंड आधी शाळेकडं. पोर का गेलं ह्याचा जबाब त्या बाईंनी, त्या संस्थाचालकानं द्यायचा. कायद्याच्या १७व्या कलमात शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्ही मना आहेत. रोज उभं करणं हा मानसिक छळ नाही तर काय आहे?

७

दोस्तहो, आपल्यात बसून आपल्याबद्दलही बोलू. आपल्या माणसांच्या संस्था झाल्या. काही चांगल्या चालल्या. काहींत बाबासाहेबांचा फोटो दर्शनी भिंतीवर आणि टेबलाखाली पाकीट. मास्तरची नोकरी पैशानं विकायची आणि जयंतीला निळा फेटा बांधायचा. तिथं दारावरचा ताबा लागला की आपले लोक म्हणतात, आमच्या संस्थेवर सवर्णांचं सरकार आकस धरतं. कधी धरतंही असेल. पण पाकीट खरं असेल तर ताबाही खरा पाहिजे. आपल्याला सोयीचं असेल तेव्हा सरकार आणि गैरसोयीचं झालं की स्वातंत्र्य, असं करायला लागलो तर त्या प्रिन्स एडवर्डच्या गोऱ्यांत आणि आपल्यात फरक कसला?

करायचं काय? सरकारी आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. कायद्यानं तिच्यात तीन चतुर्थांश सभासद पालक पाहिजेत, निम्म्या बाया पाहिजेत, वंचित घटकांतल्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा पाहिजे. आपल्या वस्तीतली किती माणसं त्या समितीवर आहेत? बैठकीच्या वहीवर कोऱ्या सह्या किती जणांच्या आहेत? विनाअनुदानित खाजगी शाळेला ही समितीच लागू नाही. ती लागू करा, ही मागणी आपण का करत नाही? संस्थाचालक आणि सरकार ह्या दोघांच्या मधे पालक बसला तर दोघांवर नजर राहील. पटसंख्या कमी म्हणून २०१७ साली शेकडो शाळा बंद करायचा निर्णय झाला तेव्हा ज्या गावात पालक उठले तिथं शिक्षणखात्याला उत्तर द्यावं लागलं. जिथं कुणी उठलं नाही तिथं पोरं चालत दुसऱ्या गावाला गेली, किंवा गेलीच नाहीत.

आणि रात्री विहारात अभ्यासिका चालवा. तिथं सरकारचा अभ्यासक्रम नको, कुणाची परवानगी नको. दिवसा शाळेत बेंचवर बसायचा हक्क लढून घ्यायचा आणि रात्री आपल्या जागेत मोकळेपणानं विचार करायचा. दोन्ही लागतात. एक सोडून दुसरं धरायला सांगणाऱ्याला विचारा, तुझं पोर कुठल्या शाळेत आहे?

भाच्याला ताईनं अजून काढलेलं नाही. आम्ही चौघं पालक घेऊन शिक्षणाधिकाऱ्याकडं अर्ज दिलाय. उत्तर यायचंय. तोवर दर सोमवारी एकजण शाळेच्या फाटकाशी जाऊन उभा राहतो आणि विचारतो, आज कुणाला उभं केलं? येत्या सोमवारी माझी पाळी आहे. ज्यांना यायचंय त्यांनी यावं.

जय भीम.